‘हाड शाबूत आहे’ हे निदान नव्हे

‘फोटो काढलाय. हाड शाबूत आहे. घेऊन जावा.’

गुडघा धरून आलेल्या पोराला आमच्या तालुक्यात हे वाक्य ऐकवलं जातं आणि घरचे हुश्श करतात. वाक्य खोटं नसतं. हाड खरोखरच शाबूत असतं. पण घरच्यांच्या कानावर ते ‘काही झालेलं नाही’ असं पडतं, आणि पुढचे चार-सहा महिने त्या गुडघ्याचे जे हाल होतात ते या एका गैरसमजातून होतात. कारण लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही.

जत्रांच्या कबड्डी स्पर्धा चालू आहेत, माळावर पहाटे पाचला भरतीची पोरं-पोरी पळतायत, म्हणून हे आत्ता लिहितोय. मोठं आहे, सवडीनं वाचा. मी डॉक्टर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला तालुक्याचा बातमीदार आहे. पण तालुक्याच्या बातमीदाराला लोक बातमीपेक्षा दवाखान्याच्या कामासाठी जास्त फोन करतात, हे इथल्या प्रत्येक पत्रकाराला माहीत आहे. ‘दादा, मिरजेत कुणी ओळखीचं आहे का?’ असा फोन आठवड्याला एक तरी येतोच.

तसाच एक फोन आमच्याच गल्लीतून आला.

मुलगी एकोणीस वर्षांची. नाव लिहीत नाही. कबड्डीत डावा कोपरा सांभाळते. वडील, म्हणजे आमचे अण्णा, साखर कारखान्यात हंगामी कामाला. पोरगी जिल्ह्याच्या संघातून खेळलेली, आणि घरातलं गणित सरळ: राज्याला खेळली तर सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात कुठंतरी नंबर लागेल, नाहीतर पोलीस भरती आहेच. अशी गणितं आमच्याकडे घरटी आहेत. गुडघा म्हणजे त्या घराची सातबाऱ्यावर न लागलेली जमीनच असते.

एका जत्रेतली रात्रीची स्पर्धा होती. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा धरायला ही पुढं झेपावली, पाय मॅटवर रोवलेला, वरचं अंग वळलं आणि गुडघा आतल्या बाजूला गेला. अंगावर कुणी पडलं नव्हतं, धक्का लागला नव्हता. ‘टक’ असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. लंगडत कडेला गेली, कुणीतरी गार स्प्रे मारला, आणि घरी पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

आता हे वाचताना कुणी हाडांचा डॉक्टर असेल तर तो इथंच थांबून म्हणेल, एसीएल गेलं. पाय रोवून अंग वळणं, आतून आवाज येणं, आणि दोन-चार तासांत गुडघा टरारून सुजणं. या तीन गोष्टी एकत्र असल्या तर निम्मं निदान ऐकण्यातच होतं. सूज कधी आली हा प्रश्न फार महत्त्वाचा. तासा-दोन तासांत आलेली सूज म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात रक्त साठलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सावकाश आलेली सूज वेगळी, ती गादी फाटल्यावर किंवा साध्या लचकण्यातही येते. पण आमच्याकडे विचारतात काय? ‘कधी पडली? कुठं दुखतंय? जा, फोटो काढून ये.’

थोडं शरीरशास्त्र सांगतो, मला समजलं तसं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड ही एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. खांद्या-खुब्याचा सांधा जसा खोबणीत बसलेला असतो, तसं गुडघ्याचं नाही. दोन हाडांना एकत्र ठेवायला चार दोऱ्या आहेत. आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला एक, आणि सांध्याच्या मधोमध एकमेकांवरून फुलीसारख्या गेलेल्या दोन. फुलीतली पुढची ती एसीएल. नडगी पुढं सरकू न देणं आणि वळताना गुडघा जागेवर ठेवणं हे तिचं काम. शिवाय दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात.

या चारही दोऱ्यांचं नशीब सारखं नाही, आणि इथं लोक फार गोंधळतात. आतल्या बाजूची एमसीएल एकटीच फाटली असेल तर बहुतेक वेळा पट्टा, व्यायाम आणि काही आठवडे एवढ्यावर ती भरून येते. फुलीतली मागची पीसीएल, जी मोटरसायकलवरून वाकलेल्या गुडघ्यावर पडल्यावर जाते, ती एकटीच गेली असेल तर बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय निभावते. एसीएलचं तसं नाही. पूर्ण तुटलेली एसीएल आपणहून पूर्वीसारखी जुळेल असा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे शेजारच्याचा गुडघा लेपानं बरा झाला म्हणून तुमचाही होईल हा हिशेब चुकतो. त्याची दोरी वेगळी होती.

तर या पोरीचा दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला. हाड शाबूत. आठ दिवस क्रेप बँडेज, गोळ्या, आराम. आठ दिवसांनी परत बोलावून हातानं तपासायला हवं होतं, ते कुणी सांगितलं नाही, त्यामुळे कुणी गेलंही नाही. मग आजीच्या आग्रहानं शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे. त्यांनी ‘शीर चढलीय’ म्हणून चोळलं, लेप लावला, पट्टी बांधली. हाडवैद्यांची टिंगल करणारा मी नाही. तालमीतल्या वस्तादांनी जागच्या जागी बसवलेले खांदे मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि रात्री अकराला दार उघडणारा आमच्याकडे तोच एक असतो. पण ताज्या सुजेवर चोळणं वाईटच, आणि तुटलेल्या दोरीला लेप पोचत नाही.

तीन आठवड्यांत सूज उतरली. पोरगी नीट चालायला लागली, जिनेही चढायला लागली. सगळ्यांना वाटलं, बरं झालं.

एसीएलची खरी फसवणूक इथं आहे. सरळ चालायला, अगदी सरळ पळायलाही ही दोरी नसली तरी पुष्कळांचं चालून जातं. आपल्या पोलीस भरतीची मैदानी चाचणी बघा. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. सगळं पळणं सरळ रेषेत. एसीएल नसलेला एखादा गुडघा यात पास होऊनही जाईल. आणि मग पुढं कधीतरी ट्रेनिंगमध्ये पळता पळता वळावं लागेल, तेव्हा तो निसटेल. कबड्डीत तर सरळ असं काही नसतंच.

दोन महिन्यांनी ती सरावाला गेली आणि तिसऱ्या दिवशी गुडघा निसटला. पुन्हा सूज, पुन्हा पट्टी. पुढच्या महिन्यात परत तेच. एकदा तर अंगणात मांजराला हुसकावायला वळली तेव्हा. गावातली पोरं म्हणायला लागली, ‘भ्यायलीय ती आता.’ तिच्या आईनं मला नंतर सांगितलं, दुखण्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. गुडघा प्रत्येक वेळी निसटताना आतली गादी चिरडत होती, हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं.

पाचव्या महिन्यात अण्णांचा मला फोन आला आणि आम्ही मिरजेला गेलो.

तिथं जे बघितलं ते मला विसरता येत नाही. डॉक्टरांनी आधी पाच मिनिटं नुसतं ऐकून घेतलं. मग तिला झोपवून आधी चांगला गुडघा तपासला. चांगला आधी, म्हणजे मूळची ढिलाई किती हे हाताला कळतं. मग दुखरा. गुडघा किंचित, २०-३० अंशांत वाकवलेला. एका हातानं मांडी घट्ट धरली, दुसऱ्यानं नडगी पुढं ओढली. चांगल्या गुडघ्यात नडगी जराशी येऊन खाडकन अडते. या गुडघ्यात ती सरकली आणि अडलीच नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. ‘एसीएल नाहीये,’ डॉक्टर म्हणाले, ‘गादीचं एमआरआयमध्ये बघू.’

या तपासणीला लॅकमन टेस्ट म्हणतात. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले जॉन लॅकमन ही तपासणी शिकवायचे, आणि १९७६ साली त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लिहून प्रसिद्ध केली. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं झाली. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, फिल्म लागत नाही. दोन हात लागतात आणि ते हात तयार झालेले लागतात. अगदी ताज्या दुखापतीत रुग्ण पाय आखडून धरतो तेव्हा नीट कळत नाही, हे खरं. म्हणूनच आठ-दहा दिवसांनी सूज उतरल्यावर पुन्हा तपासायचं असतं.

एक्स-रे निरुपयोगी आहे असं मला म्हणायचं नाही. हाड मोडलंय का हे बघावंच लागतं. उलट कधीकधी एक्स-रेतच लिगामेंटची चुगली सापडते. नडगीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या कडेला, हाडाची बारीक टिकली उडालेली दिसली की आत एसीएल गेलेलं असण्याची दाट शक्यता असते. या टिकलीला सेगाँचं नाव आहे. पॉल सेगाँ हा पॅरिसचा सर्जन. त्यानं हे लिहून ठेवलं १८७९ मध्ये, आणि एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये! यंत्र नसताना एका माणसाला जे कळलं, ते यंत्र असताना आपल्याकडे निसटतं. कारण फिल्म बघणाऱ्याची नजर ‘मोडलंय की नाही’ एवढंच शोधत असते.

एमआरआयचे साडेसहा हजार झाले. एसीएल पूर्ण तुटलेलं, आतल्या बाजूची गादी फाटून तिचा तुकडा सांध्यात वळलेला. डॉक्टरांनी सांगितलं, गादी पहिल्या दिवशी फाटलेली नसावी, नंतरच्या निसटण्यांनी फाटली असावी. अण्णा गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, ‘ऑपरेशन न करता चालणार नाही का, साहेब?’

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जगभरचे डॉक्टर यावर भांडतायत. स्वीडनमध्ये एसीएल नुकतंच तुटलेल्या १२१ तरुणांचे दोन गट केले होते. एका गटाचं लगेच ऑपरेशन, दुसऱ्याला आधी नेटानं व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणण्याजोगा फरक नव्हता, आणि व्यायामवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. म्हणजे एसीएल तुटलं की लगेच टेबलावर घ्या, असं नाही. पण त्यांना मिळालेला व्यायाम हा तज्ज्ञांच्या देखरेखीखालचा, महिनोन्‌महिने चाललेला होता. आपल्याकडे ‘ऑपरेशन नको’ याचा अर्थ ‘काहीच नको’ असा होतो. शिवाय २०२२ मध्ये ब्रिटनमधून दुसरा अभ्यास आला, जुनी दुखापत असलेल्या आणि गुडघा निसटत राहणाऱ्या ३१६ लोकांचा. तिथं ऑपरेशनचा गट सरस ठरला. ही पोरगी या दुसऱ्या प्रकारात गेली होती. पाच महिन्यांपूर्वी कळलं असतं तर तिला निवड करता आली असती. आता फाटक्या गादीनं ती निवड संपवली होती.

ऑपरेशन झालं. पतसंस्थेचं कर्ज आणि मामाची मदत. (सरकारी योजनेत बसतं का, कोणत्या रुग्णालयात बसतं, हे दाखल व्हायच्या आधी आरोग्यमित्राच्या खिडकीवर विचारा. दाखल झाल्यावर विचारलं की घोळ होतो. अण्णांची कागदं वेळेत जमली नाहीत.) मांडीच्या मागच्या स्नायूची शीर काढून तिची नवी दोरी केली, हाडात बोगदे पाडून ती ओवली, आणि गादी जितकी वाचली तितकी शिवली.

मध्येच एक गोष्ट सांगून घेतो, कारण आमच्या रस्त्यांवर ऊस वाहतुकीच्या दिवसांत दुचाकीचे अपघात काय होतात ते तुम्हाला माहीत आहे. अपघातात कधीकधी दोन-तीन लिगामेंट एकदम तुटतात आणि गुडघाच निखळतो. कित्येकदा तो आपोआप जागेवर परत बसतो, त्यामुळे बघणाऱ्याला कळतही नाही. गुडघ्याच्या मागून पायाला रक्त नेणारी मोठी धमनी जाते, ती अशा वेळी फाटू शकते. पाऊल गार पडलं, पांढरट दिसलं, बधिर झालं किंवा पावलावरची नाडी लागत नसेल तर तो गुडघ्याचा पेशंट राहिला नाही, ती घड्याळाशी शर्यत आहे. सहा-आठ तासांत रक्तपुरवठा सुरू झाला नाही तर पाय जाऊ शकतो. अशा माणसाला एक्स-रेच्या रांगेत बसवू नका, जिथं रक्तवाहिनीचा सर्जन आहे तिथंच थेट न्या.

तर ऑपरेशन झालं, आणि आमच्या गल्लीला वाटलं, सुटलो. खरं तर तिथून सुरुवात होती. नवी दोरी पहिल्या दिवशी जितकी मजबूत असते, दोन-तीन महिन्यांनी त्याहून कमकुवत असते, कारण शरीर तिला मुरवून घेत असतं. आणि नेमकं तेव्हाच रुग्णाला वाटतं की आता आपण ठणठणीत आहोत. नॉर्वेतल्या एका अभ्यासात, २०१६ चा आहे, असं दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत मैदानावर परतणं जितकं लांबवाल तितकं बरं. एकेका महिन्यानं पुन्हा दुखापतीचा धोका निम्म्यानं खाली येत होता. म्हणून तारीख बघून नाही, तर ताकद मोजून सोडायचं असतं. ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के जोराचा झाला का, एका पायावर उडी किती जाते, हे मोजून.

हे मोजायचं कुणी? आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीची खोली आहे, पाटी आहे आणि कुलूप आहे. जागा रिकामी आहे असं मला उत्तर मिळालं. योजनांची पॅकेजेस मुळात दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी असतात, नऊ महिन्यांचा व्यायाम त्यात बसत नाही. खासगी फिजिओ पंचवीस किलोमीटरवर, एका बैठकीचे तीनशे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून आई तिला आठवड्यातून तीनदा घेऊन जाऊ शकली. मीही एकदा सोबत गेलो होतो. त्या फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी घरच्यांची उशी काढायला लावली. आजी मायेनं दुखऱ्या गुडघ्याखाली उशी ठेवत होती. त्यानं पाय वाकलेलाच राहतो, आणि मग तो सरळ व्हायला नाकारतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली. इतकी साधी गोष्ट, पण सुट्टी देताना हातात दिलेल्या कागदावर ती नव्हती. कागदावर गोळ्या होत्या.

विनेश फोगाटचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०१६ ला रिओत उपांत्यपूर्व फेरीतच गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर नेलं, आणि दोन वर्षांत ती आशियाई सुवर्ण घेऊन आली. २०२३ ला दुसरा गुडघा, मुंबईत ऑपरेशन, आणि पुढच्या वर्षी पॅरिस. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा, तो मैदानात परतला मार्च २०२४ मध्ये. जवळपास पंधरा महिने, तेही बंगळुरूच्या अकादमीत दिवसरात्र माणसं दिमतीला असताना. आमचे प्रशिक्षक मात्र चौथ्या महिन्यात विचारतात, ‘आता काय झालंय तिला?’

दुसरं टोकही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चेन्नईत १७ वर्षांची एक फुटबॉल खेळाडू लिगामेंटच्या ऑपरेशननंतर गेली. पट्टी फार घट्ट बांधली गेली, रक्तपुरवठा थांबला, पाय कापावा लागला, तरी वाचली नाही. दोन डॉक्टर निलंबित झाले. म्हणून गल्लीत कुणाचं ऑपरेशन झालं की मी एवढंच सांगतो: पट्टीच्या खालची बोटं बघत राहा. बोटं निळी पडली, बधिर झाली, किंवा वेदना औषधानं कमी न होता वाढतच गेली तर ‘सकाळी बघू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, रात्रीच उठवा.

आता आमच्या स्पर्धांविषयी. बोलणं कडू लागेल, पण आयोजक बरेचसे माझे मित्रच आहेत, ऐकून घेतील. पहिलं बक्षीस ५१ हजार, कमानीवर नेत्यांचे फोटो, डीजे, फ्लडलाइट. मॅटचे तुकडे उंचसखल जमिनीवर अंथरलेले, मधल्या फटीत अंगठा जाईल एवढी जागा. कडेला बर्फ नाही, स्ट्रेचर नाही, पट्टी बांधणारा माणूस नाही. आधीचा सामना लांबला की पुढच्या संघाला अंग गरम करायला पाच मिनिटंही मिळत नाहीत. मुलींना हा धोका जास्त. फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये मोजलं गेलंय, तोच खेळ खेळताना मुलींचं एसीएल मुलांपेक्षा दोन-तीनपट जास्त जातं. आणि यावर उपायही मोजलेला आहे. उडी मारून गुडघा आत न जाऊ देता उतरणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, असा पंधरा-वीस मिनिटांचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा करून घेतला तर एसीएलच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात. फुटबॉलवाल्यांनी ‘फिफा ११ प्लस’ नावानं तो फुकट उपलब्ध केलाय. त्याला मैदान सोडून काही लागत नाही. आमच्याकडे वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन चकरा. त्यापेक्षा शाळेतली लंगडी बरी, निदान एका पायावर तोल तरी धरायला लावते.

आणि हे फक्त खेळाडूंचं नाही. ओल्या बांधावरून घसरलेल्या, डोक्यावर वैरणीचा भारा असताना पाय मुरगळलेल्या बायका आमच्या गावात किती आहेत! त्यांचा एक्स-रेही होत नाही. ‘वात आहे’ म्हणतात आणि त्या पुढची वीस वर्षं गुडघ्याला कापड बांधून भांगलण करतात. त्यातल्या किती वातांखाली तुटलेली दोरी आहे, कुणी हात लावून बघितलंय?

मी आमच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि क्रीडा अधिकाऱ्यांना एक पत्र दिलंय. मागण्या मोठ्या नाहीत. फिजिओची रिकामी जागा भरा, नाही भरता आली तर आठवड्यातून दोन दिवस जिल्ह्याहून माणूस पाठवा. तालुक्यातल्या डॉक्टरांसाठी गुडघा हातानं तपासण्याचं एक दिवसाचं शिबिर घ्या. मिरजेचे ते डॉक्टर फुकट यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. गुडघ्याच्या केसपेपरवर ‘आठ दिवसांनी पुन्हा तपासणी’ असा शिक्का मारा. शिक्क्याचा खर्च मी देतो. क्रीडा अधिकाऱ्यांनी पत्र घेतलं, चहा पाजला. आरोग्याकडून अजून उत्तर नाही.

पोरीचा आता सातवा महिना संपत आलाय. मागच्या आठवड्यात जिल्ह्याची निवड चाचणी होती. प्रशिक्षकांचा फोन आला, ‘नुसतं उभं राहू दे, नाव तरी यादीत जाईल.’ घरात दोन दिवस त्यावरून वाद झाला. आई म्हणत होती, जाऊ दे, नाहीतर वर्ष जाईल. अण्णा म्हणत होते, कर्ज अजून फिटलं नाही. शेवटी फिजिओ मॅडमनी खोलीत खडूनं रेघ मारली आणि टेप लावला. चांगल्या पायावर उडी गेली १३८ सेंटिमीटर. ऑपरेशनच्या पायावर ११०. तिनं स्वतःच मोबाईलवर भागाकार केला, आकडा ऐंशीच्या जरा खाली आला. प्रशिक्षकांना फोनही तिनंच लावला. ‘सर, मी येत नाही,’ एवढंच म्हणाली, आणि मला म्हणाली, ‘काका, टेपचा फोटो काढा. पुढच्या महिन्यात परत मोजायचंय.’